टूडी इको

टूडी इको, किंवा नुसतं 'इको', म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टरी नाव इकोकार्डिओग्राफी. इसीजी हृदयातली वीज दाखवतो, अँजिओग्राफी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या दाखवते आणि इको हृदय स्वतः कसं हलतंय ते दाखवतो, म्हणजे भिंती किती जाड आहेत, झडपा नीट उघडतात-मिटतात का, पंपिंग किती. नळ्यांमधलं ब्लॉकेज मात्र साध्या इकोत दिसत नाही. ब्लॉकेजमुळे एखादी भिंत मंद हलायला लागली असेल तर ती दिसते, त्यामुळे इको नॉर्मल आला म्हणून लगेच पेढे वाटायची घाई करू नये.

तपासणी साधीच असते. डाव्या कुशीवर झोपवतात, डावा हात डोक्याखाली, छातीवर गार जेल आणि त्यावर प्रोब. डाव्या कुशीवर अशासाठी की हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं आणि फुप्फुस थोडं बाजूला होतं, कारण आवाजाच्या लाटा हवेतून पुढे जात नाहीत, तिथूनच परत फिरतात. जेलही त्याचसाठी, प्रोब आणि कातडीमध्ये हवा राहू नये म्हणून. प्रोबमधून साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा, आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो, तो शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो, १५ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम पाच हजारावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळावरून मशीन ओळखतं की झडप किती आत आहे.

हे सगळं सुरू केलं ते स्वीडनमधल्या इंगे एडलर नावाच्या कार्डिओलॉजिस्टने. जन्म १७ मार्च १९११, मेडिकलचं शिक्षण लुंड युनिव्हर्सिटीत, १९४३ मध्ये डॉक्टर झाले, मग काही वर्षं माल्मोच्या हॉस्पिटलात हृदयरोगाचं काम आणि नंतर लुंडला. इंजिनिअरिंगशी काही संबंध नाही. त्यांच्याकडे एक अडचण होती, आणि ती अगदी रोजची होती. लहानपणी घशाच्या इन्फेक्शननंतर र्‍हुमॅटिक फिव्हर होऊन हृदयाची मायट्रल झडप चिकटून आखडते, त्याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात. त्या काळी सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालून ही झडप मोकळी करायला लागले होते. पण झडप नुसती आखडली असेल तरच याचा फायदा, ती गळतही असेल तर बोट घालून गळती अजून वाढायची. आखडलीय की गळतेय हे ऑपरेशनआधी सांगायचं कार्डिओलॉजिस्टने, आणि हाताशी काय, तर स्टेथोस्कोप, एक्सरे आणि कॅथेटर, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत घातलेली नळी. एवढं करूनही अंदाज चुकायचा.

एडलरना वाटलं, युद्धात रडार वापरलं तसं काही हृदयासाठी वापरता येईल का. हा प्रश्न त्यांनी लुंडमधलेच तरुण फिजिसिस्ट कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांना विचारला. हर्ट्झ म्हणाले रडार नाही, अल्ट्रासाउंड. या हर्ट्झचे वडील गुस्ताव हर्ट्झ म्हणजे फिजिक्सच्या १९२५ च्या नोबेलचे एक मानकरी, आणि त्या वडिलांचे काका म्हणजे हाइनरिश हर्ट्झ, ज्यांच्या नावाने फ्रिक्वेन्सी मोजतात. म्हणजे आज इकोच्या प्रोबचे मेगाहर्ट्झ आपण ज्यांच्या नावाने मोजतो त्यांच्याच घरातला हा मुलगा, आता याला योगायोगच म्हणायचं.

मशीन कुठून आणलं? माल्मोच्या कोकुम्स जहाज कारखान्यातून. तिथे लोखंडाच्या आत भेग किंवा पोकळी आहे का हे तपासायला अल्ट्रासाउंडचं यंत्र होतं. हर्ट्झनी ते स्वतःच्या छातीला लावून बघितलं तर पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढेमागे सरकणारी खूण दिसली. मग सीमेन्स कंपनीकडून तसंच यंत्र वापरायला मिळालं (वडील पूर्वी तिथल्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख होते, ओळख कामाला आली) आणि २९ ऑक्टोबर १९५३ ला दोघांनी हृदयाच्या हालचालीचं पहिलं रेकॉर्डिंग केलं. १९५४ मध्ये पेपर छापून आला.

पण पडद्यावर जे दिसतंय ते नक्की काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच. चित्र नाही, नुसती एक वळवळणारी रेघ. आधी वाटलं की ही डाव्या कर्णिकेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याची भिंत. मग एडलरनी मरणासन्न पेशंटांवर तपासणी केली, प्रोब कुठे आणि कोणत्या दिशेने धरलाय ते टिपून ठेवलं, आणि मृत्यूनंतर त्याच जागी त्याच दिशेने लांब टोच्या घालून शवविच्छेदनात बघितलं की तो नेमका कशातून गेला. तर तो मायट्रल झडपेच्या पुढच्या पडद्यातून गेलेला! म्हणजे शोधायला निघाले होते तीच झडप इतके दिवस समोर हलत होती. निरोगी झडपेची रेघ झपकन खाली येते, आखडलेल्या झडपेची रेघ हळूहळू उतरते, आणि या उतारावरून स्टेनोसिस किती आहे ते छातीला टाचणीही न लावता सांगता यायला लागलं.

या रेघेला एम-मोड म्हणतात. दाराच्या फटीतून गणपतीची मिरवणूक बघावी तसा प्रकार, फटीसमोरून जो जाईल तोच दिसणार. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या हार्वे फायगेनबॉमनी १९६५ मध्ये याच पद्धतीने हृदयाभोवती साठलेलं पाणी ओळखता येतं हे दाखवलं आणि तिथे इकोला खरा जोर आला. नावातलं 'टूडी', म्हणजे लांबी-रुंदी असलेलं सपाट चित्र, आलं १९७० नंतर, रॉटरडॅमच्या क्लास बॉम यांनी एका प्रोबमध्ये आवाज सोडणारे-पकडणारे २० क्रिस्टल ओळीने बसवले आणि रेघेच्या जागी हलतं चित्र दिसायला लागलं. पुढे डॉप्लर, म्हणजे रक्त किती वेगाने वाहतंय ते. नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या कार्डिओलॉजिस्ट लिव्ह हातले यांच्या कामामुळे वेगावरून प्रेशर काढायचा सोपा हिशोब रुळला, वेगाचा वर्ग गुणिले चार. झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल तर प्रेशरचा फरक ६४, बीपी मोजतात त्याच एककात. यासाठी आधी पेशंटच्या हृदयात नळी घालायला लागायची.

एडलर आणि हर्ट्झना १९७७ मध्ये लास्कर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मोठा मान, मिळाला. नोबेल नाही मिळालं. हर्ट्झ रेकॉर्डिंग कागदावर नीट उतरावं म्हणून शाईच्या फवाऱ्याच्या मागे लागले आणि इंकजेट छपाईतही मोठं नाव करून बसले. १९९० मध्ये ते गेले, एडलर ७ मार्च २००१ ला, नव्वदी पूर्ण व्हायला दहा दिवस असताना.

आता इको करायला शिकायचं कुठे? आपल्याकडे एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन तीन वर्षं, मग डीएम कार्डिओलॉजी अजून तीन वर्षं, आणि इको हे या शेवटच्या टप्प्यातलं रोजचं काम. अमेरिकेत प्रोब बहुतेक वेळा टेक्निशियन फिरवतो आणि डॉक्टर नंतर रिपोर्ट वाचतो, तरी तिथल्या ट्रेनिंगच्या नियमात स्वतंत्रपणे इको वाचायचे असतील तर १५० स्वतः केलेले आणि ३०० वाचलेले असा आकडा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर स्वतःच प्रोब धरतात. हात महत्त्वाचा, कारण प्रोब थोडा तिरका झाला की मोजमाप बदलतं.

रिपोर्टमध्ये लोक आधी पंपिंग बघतात, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. ६० टक्के वाचून 'चाळीस टक्के हार्ट गेलं' म्हणून रडारड झालेली मी आमच्याच घरात बघितलीय. तसं नसतं, निरोगी हृदयही एका ठोक्यात भरलेल्या रक्तातलं साधारण ५५ ते ७० टक्केच बाहेर टाकतं, त्यामुळे ६० म्हणजे उत्तम. 'ट्रिव्हियल टीआर' किंवा 'ट्रिव्हियल एमआर' म्हणजे झडपेतून नावापुरती गळती, धडधाकट माणसांतही सापडते.

र्‍हुमॅटिक फिव्हर स्वीडनमधून जवळपास गेला, आपल्याकडून नाही गेला. बोटाच्या जागी आता मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करतात, जपानच्या कान्जी इनोउए यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत आणली. फुगा घालायच्या आधी मात्र इकोत तेच बघतात जे एडलरना बघायचं होतं, आखडलीय किती आणि गळतेय किती.

आणि हो, इकोचं मशीन शेवटी अल्ट्रासाउंडचंच असल्याने त्यालाही पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडेही इकोच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा बोर्ड लावलेला असतो आणि छातीत दुखतंय म्हणून आलेले सत्तरीचे आजोबा तो वाचत बसलेले असतात.