शालेय प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांची आरोग्य देखरेख

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत रसायने हाताळणाऱ्यांच्या प्रकृतीवर ठरावीक काळाने, ठरावीक पद्धतीने ठेवलेली नजर. रसायनाचा परिणाम आजार म्हणून पक्का होण्याआधी, तो मागे फिरू शकत असतानाच ओळखणे हा तिचा हेतू. अंगावर आम्ल उडाल्यावर करायचे प्रथमोपचार वेगळे आणि नोकरीत लागताना होणारी वैद्यकीय तपासणीही वेगळी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि छातीचा एक्स-रे एवढ्यावर आटोपलेल्या वार्षिक शिबिरात फॉर्मालिनमुळे (जीवशास्त्राचे नमुने टिकवण्याचे द्रावण) सुरू झालेला दमा किंवा डायक्रोमेटची (काच धुण्याच्या मिश्रणातला क्रोमियमचा क्षार) ॲलर्जी सापडत नाही. ‘फिट’ असा शेरा मात्र मिळतो.

कोणाची देखरेख करायची

अकरावी-बारावीचा विद्यार्थी आठवड्यातून एकदोनदा प्रयोगशाळेत येतो आणि विरल द्रावणे थेंबाथेंबाने वापरतो. त्याच्या टेबलावर ती द्रावणे येण्याआधी संहत, म्हणजे पाणी न मिसळलेल्या तीव्र आम्लाची बाटली कुणीतरी उघडलेली असते. १ लिटर २ नॉर्मल (‘नॉर्मल’ हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) सल्फ्युरिक आम्लासाठी सुमारे ५६ मिलिलिटर संहत आम्ल पाण्यात धारेने सोडावे लागते. तेवढ्याच हायड्रोक्लोरिक आम्लासाठी संहत आम्ल सुमारे १६७ मिलिलिटर लागते आणि मापनपात्रात ओततानाच त्याचा धूर नाकात जातो. हे काम प्रयोगशाळा सहायकाचे. काचसामान धुणे, मोरी साफ करणे आणि उरलेली द्रावणे ओतून टाकणे हे परिचराकडे असते. म्हणून यादी हुद्द्यावरून न करता कामावरून करावी. ‘रसायनशास्त्र विभाग : ३ कर्मचारी’ या नोंदीतून काही कळत नाही. ‘क्रोमिक आम्लाने ब्युरेट (द्रव मोजून सोडण्याची काचनळी) धुणे : परिचर, परीक्षेच्या काळात रोज दीड तास’ असे लिहिले की तपासणी कोणती हवी ते आपोआप ठरते. जीवशास्त्राच्या बरण्या भरणारा, पदार्थविज्ञानाच्या खोलीतला फोर्टिनचा वायुभारमापक (पाऱ्याचा बॅरोमीटर) सांभाळणारा आणि संध्याकाळी केर काढणारी बाई ही माणसे यादीतून हमखास सुटतात.

शाळेचे वर्ष आणि संपर्काचा चढउतार

कारखान्यातला संपर्क बाराही महिने साधारण सारखा असतो, शाळेतला तसा नसतो. जूनमध्ये प्रयोगशाळा उघडते, विदर्भात थोडी उशिरा. दिवाळीपर्यंत काम बेताचे असते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले की एकामागून एक तुकड्या येतात, सॉल्ट ॲनालिसिसच्या परीक्षानळ्या शेकड्यांनी धुवाव्या लागतात, किपच्या उपकरणातून (वायू तयार करण्याचे काचपात्र) हायड्रोजन सल्फाइड दिवसभर काढला जातो आणि जीवशास्त्राच्या बरण्या परीक्षकांसाठी नव्याने भरल्या जातात. त्यानंतर मे महिन्याची सुट्टी लागते.

तपासणीचे वेळापत्रक या चढउतारावर बेतले तर फुकटात एक तुलना हाती येते. सुट्टीहून परतल्यावर, कामाला हात लावण्याआधी घेतलेली मोजणी ही पायाभूत नोंद. प्रात्यक्षिकांचा हंगाम उरकल्यावर आठवड्याभरात घेतलेली मोजणी तिच्याशी ताडून पाहायची. सोयीचे म्हणून अनेक ठिकाणी तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकतात. तेव्हा ना पायाभूत आकडा मिळतो ना कमाल संपर्काचा.

प्रश्नावली

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन. ‘तुम्हाला श्वसनाचा त्रास आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी विचारावे : रविवारी बरे वाटते का? दिवाळीच्या सुट्टीत खोकला थांबला होता का? रात्री शिट्टीसारखा आवाज येऊन जाग येते का? हातावरची खाज कोणते काम केल्यावर वाढते? घरी कोणते औषध, भस्म, सिमेंटचे काम, रंगकाम? तंबाखू मळता का, आणि कुठे? हा शेवटचा प्रश्न शिष्टाचाराचा भाग समजून गाळला जातो. पण लेड नायट्रेट (शिशाचा क्षार) लागलेले बोट तळहातावर चुना-तंबाखू मळत असेल तर शिसे पोटात जाण्याचा तोच मुख्य रस्ता असतो. हवेतून जाणारे शिसे शाळेत नगण्य असते.

नोकरीत येतानाच दमा, इसब किंवा गर्भधारणा असेल तर ते डॉक्टरला कळले पाहिजे. शिसे आणि पारा नाळेतून गर्भापर्यंत पोचतात, त्यामुळे गरोदर कर्मचारी बाईची कामे सुरुवातीलाच बदलून द्यावी लागतात. पोट दिसू लागेपर्यंत थांबलो तर महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात.

हात आणि नाक

त्वचेची पाहणी उजेडात, दोन्ही हात मनगटापर्यंत उघडे करून, बोटांच्या बेचक्यांसह करतात. यासाठी डॉक्टरच लागतो असे नाही. एकदा नीट दाखवून दिले की शाळेतली जबाबदार व्यक्तीही दरमहा पाहू शकते. डागांचे रंग बरेच बोलतात. नखाशेजारी पिवळा डाग हा संहत नायट्रिक आम्लाचा : कातडीतल्या प्रथिनांशी त्याची क्रिया होते, डाग धुतल्याने जात नाही, वरचा थर झडला की जातो. काळा डाग सिल्व्हर नायट्रेटचा, तपकिरी पोटॅशियम परमँगनेटचा. हे डाग म्हणजे आजार नव्हे, पण त्या माणसाने हातमोजे घातले नव्हते याचा पुरावा नक्की आहे. पुढच्या महिन्यात डाग तिथेच दिसला तर माणसाला बोल लावण्याआधी हातमोज्यांचे माप बघावे. मोठ्या मापाच्या सैल मोज्यात ड्रॉपर धरता येत नाही, म्हणून ते काढून ठेवले जातात.

क्रोमियमची खूण निराळी असते. डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांचे काच धुण्याचे मिश्रण, म्हणजेच क्रोमिक आम्ल, वापरणाऱ्याच्या बोटांच्या पेरांवर किंवा नखाच्या मुळाशी पंचने पाडल्यासारखे गोल, खोल, कडा उचललेले व्रण होतात. ते फारसे दुखत नाहीत, त्यामुळे लपून राहतात. नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला भोक पडते तेही बहुधा वेदनेशिवाय. म्हणून या माणसांचे नाक बॅटरीच्या उजेडात पाहावे. क्रोमियमची ॲलर्जी मात्र खाजरे इसब घेऊन येते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. तिची खात्री पॅच चाचणीने होते : पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात, तेव्हा आणि ९६ तासांनी पुन्हा वाचतात. सिमेंटमध्येही क्रोमेट असते, त्यामुळे घराचे बांधकाम चालू असलेल्या माणसाचा दोष प्रयोगशाळेवर टाकण्याआधी चौकशी करावी.

श्वसन

बरण्यांतले साप, मासे आणि हृदये ज्यात ठेवतात ते १० टक्के फॉर्मालिन म्हणजे बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग. त्यात फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्के असते. बंद झाकणाखाली ते निरुपद्रवी. धोका झाकण काढून, जुने ओतून, नवे भरण्याच्या तासात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि आठवडाभरात नाकाला वास जाणवेनासा होतो, म्हणजे नेमकी सूचना देणारी घंटा बंद पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. हायड्रोजन सल्फाइडचेही असेच : वायू अगदी थोडा असतानाही कुजक्या अंड्याचा वास येतो, पण सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) घ्राणशक्ती लुळी पडते.

फुफ्फुसांची क्षमता स्पायरोमीटरवर मोजतात. माणसाने पूर्ण श्वास भरून, नळीभोवती ओठ घट्ट आवळून, एका झटक्यात सुरू करून किमान ६ सेकंद फुंकायचे. तीन चांगल्या फुंकी लागतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत हव्यात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा हा मुख्य आकडा. प्रौढ वयात तो वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने आपसूक घटतो. वयाची घट वजा करूनही स्वतःच्या पायाभूत आकड्यापेक्षा तो १५ टक्क्यांहून जास्त उतरला तर पुढची तपासणी हवी. अहवालावर छापलेले ‘अपेक्षिताच्या ९० टक्के’ (वय, उंची यांवरून काढलेल्या सरासरीच्या तुलनेत) वाचून निश्चिंत होणे ही नेहमीची चूक. मुळात ११५ टक्के फुंकणारा माणूस ९० वर आला असेल तर त्याचे बरेच काही गेले आहे, आणि हे कळायला मागचा कागद जपलेला असावा लागतो. सर्दी-खोकला असताना मोजणी करू नये. ती तीन आठवडे पुढे ढकलावी.

दम्याचा संशय असेल तर हाताएवढा पीक फ्लो मीटर (फुंकीचा कमाल वेग मोजणारी नळी) स्पायरोमीटरपेक्षा जास्त सांगून जातो. दिवसातून चार वेळा, दोन आठवडे कामाचे आणि दोन सुट्टीचे, प्रत्येक वेळी तीन फुंकींतली मोठी नोंदवायची. कामाच्या दिवशी दिवसातला चढउतार २० टक्क्यांवर जातो आणि सुट्टीत तो विरतो, असा आलेख आला की कारण कामातच आहे. उन्हाळ्यात अमोनियाची बाटली उघडताच उसळणाऱ्या वाफेने एका श्वासात दमा सुरू झाल्याचीही उदाहरणे असतात. बाटली आधी थंड पाण्यात ठेवून मग फ्यूम कपाटात (वाफा पंख्याने बाहेर खेचणारे कपाट) उघडली तर हा प्रसंग येत नाही.

रक्त आणि लघवी

या तपासण्या सरसकट सर्वांच्या करण्यात अर्थ नाही. पारा सांडला, बॅरोमीटर फुटला, शिशाच्या क्षारांची पूड वरचेवर तोलली जाते, अशा ठिकाणीच त्या उपयोगी.

धातुरूप पाऱ्यासाठी लघवी तपासतात, रक्त नव्हे. रक्तातला पारा मासे खाल्ल्यानेही वाढतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात रोज मासे असणाऱ्या घरातल्या माणसाच्या रक्ताचा आकडा पाहून बॅरोमीटरला दोष देणे त्यामुळे चुकीचे ठरू शकते. लघवीचा आकडा क्रिएटिनिनच्या (लघवीतला टाकाऊ घटक; त्यावरून लघवी किती पातळ आहे ते कळते) प्रमाणात मांडतात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेचा निर्देशांक, म्हणजे तुलनेसाठीचा मार्गदर्शक आकडा, १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० मायक्रोग्रॅम पारा हा आहे. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर नमुना बाद समजून दुसरा घ्यावा. नमुना प्रयोगशाळेच्या आवारात, कामाचा ॲप्रन अंगात असताना कधीही घेऊ नये. बाहीवरून झडलेला कण अहवाल बिघडवायला पुरेसा असतो. शिशासाठी शिरेतून रक्त, तेही सूक्ष्मधातूंच्या तपासणीसाठीच्या खास नळीत. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळते. वरील परिषदेचा निर्देशांक डेसिलिटरला २० मायक्रोग्रॅम. आकडा अनपेक्षित चढा आला तर पहिला प्रश्न भस्मांचा विचारावा, कारण नागभस्म म्हणजे शिसेच.

कायदा आणि नोंदी

भारतात ही कल्पना कारखान्यांतून आली. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरचे प्रकरण घातले गेले आणि कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणे बंधनकारक झाले. हवेतल्या मर्यादाही त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात दिल्या गेल्या : आठ तासांसाठी अमोनिया २५ पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम. तिसऱ्या परिशिष्टातल्या कळवण्यायोग्य आजारांत शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा व क्रोमचे व्रण होते. शाळा हा कारखाना नसल्याने यांतले काहीच तिथल्या परिचरापर्यंत पोचले नाही, जरी बाटलीतले रसायन तेच होते. ब्रिटनमध्ये आरोग्याला घातक पदार्थांबाबतचे २००२ चे नियम शाळांनाही लागू आहेत. त्यांनुसार वैयक्तिक आरोग्यनोंद ४० वर्षे जपायची असते.

इतका काळ नोंद टिकवायची तर तिचे दोन भाग करणे सोयीचे. मुख्याध्यापकाच्या कपाटातल्या भागात नाव, काम, हाताळलेली रसायने, तपासणीची तारीख आणि ‘या कामास योग्य’, ‘अमुक काम टाळून योग्य’ किंवा ‘तूर्त अयोग्य’ एवढाच निष्कर्ष. रोगाचे नाव, आकडे आणि प्रश्नावली डॉक्टरकडे. हे दोन कागद एकत्र झाले की कर्मचारी पुढच्या वर्षी खरे सांगत नाही. डॉक्टर शक्यतो औद्योगिक आरोग्याचा ए.एफ.आय.एच. अभ्यासक्रम केलेला असावा; मुंबईच्या केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम चालतो. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या विषयातली देशातली मुख्य संशोधन संस्था आहे.

निष्कर्षानंतर

तपासणीत काही निघाले तर माणसाची बदली हा पहिला उपाय होऊ नये, कारण त्याच्या जागी येणाराही तेच श्वासात घेणार. क्रोमिक आम्लाऐवजी साधा डिटर्जंट आणि ब्रश यांनी बहुतेक शालेय काचसामान स्वच्छ निघते. पाऱ्याच्या तापमापकांऐवजी अल्कोहोलचे घेता येतात. फ्यूम कपाटाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर हवा. ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे उपकरण) नसला तर टिश्यू कागदाची पट्टी धरून ती आत ओढली जाते का एवढे तरी पाहावे. अनेक कपाटांत पंखा फिरतो, पण बाहेर जाणारी नळी कबुतरांच्या घरट्याने बुजलेली असते, आणि पट्टी हलत नाही.