आधी कोडं, मग आकार, शेवटी बंध

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची पुष्कळ मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतात. तिथे कार्बनची गोष्ट ठराविक क्रमाने येते: आधी इलेक्ट्रॉनच्या जोडीचा सहसंयुज बंध, मग संकरण (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या कक्षकांची सरमिसळ) आणि रेणूचा आकार, त्यानंतर समघटकता, म्हणजे तेच अणू, तितकेच, पण पदार्थ वेगळे. तर्काच्या दृष्टीने क्रम बरोबर आहे, पण प्रत्यक्षात घडलं ते नेमकं उलट. शास्त्रज्ञांची समघटकांशी गाठ पडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. समघटकांनी छळलं म्हणून आकाराचा विचार करणं भाग पडलं, आणि आकार सुचल्यावर चाळीस-बेचाळीस वर्षांनी बंध म्हणजे नेमकं काय याचं पहिलं समाधानकारक उत्तर आलं. ज्या पदार्थांनी हे कोडं घातलं आणि सोडवलं, त्यांतले निदान तीन सीमाभागाच्या रोजच्या व्यवहारातले आहेत: साखर, चिंचेतलं आम्ल आणि तंबाखू.

सुरुवात मात्र स्फोटक आहे. १८२० च्या दशकात युस्टुस फोन लिबिग सिल्व्हर फल्मिनेटवर काम करत होता. हा पदार्थ जरा घासला तरी फुटतो. त्याच सुमारास फ्रीड्रिख व्होलरने सिल्व्हर सायनेटचं पृथक्करण केलं. तो शांत, निरुपद्रवी पदार्थ. पण दोघांचे आकडे एकच निघाले: चांदी, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळं त्याच प्रमाणात. लिबिगला वाटलं, व्होलरचं काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासलं तर दोघंही बरोबर. या वादातून दोघांची जन्माची मैत्री झाली. १८२८ मध्ये व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. ही गोष्ट आपल्याकडे ‘सजीवाशिवाय सेंद्रिय पदार्थ बनला’ म्हणून सांगतात. पण अमोनियम सायनेट आणि युरिया यांतले अणू तेच, तितकेच, आणि पदार्थ मात्र वेगळे, ही बाजूही तितकीच महत्त्वाची होती. १८३० मध्ये बर्झेलियसने या प्रकाराला नाव दिलं, आयसोमेरिझम. नाव मिळालं, कारण कळलं नाही. तोवर पदार्थ म्हणजे त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण, एवढंच गृहीत होतं. ते गृहीत इथे तुटलं.

दुसरा धागा प्रकाशाचा. १८१५ मध्ये झाँ-बाप्तिस्त बिओला दिसलं, की टर्पेंटाइनमधून किंवा साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा) सोडला तर त्याचं प्रतल फिरतं. क्वार्ट्झच्या स्फटिकातही असं होतं, पण तिथे स्फटिकाची रचनाच कारण मानता येत होती. साखर तर पाण्यात विरघळलेली, स्फटिक मोडलेला. मग फिरवतंय कोण? बिओने निष्कर्ष काढला, की हा गुण रेणूचाच असला पाहिजे.

उगार, संकेश्वर, रायबाग या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांमध्ये हा शोध आजही पगारावर आहे म्हणा ना. लॅबमध्ये रसाचा ‘पोल’ काढतात तो याच तत्त्वाने. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात घेऊन २०० मिलिमीटरच्या नळीतून पाहिली, की साखरेच्या मोजपट्टीवर १०० वाचन येतं. त्या मानाने रसाचं वाचन किती, ते पोल. तोडलेला ऊस ट्रॉलीतच दोन-तीन दिवस उन्हात राहिला की पोल का उतरतो, याचंही उत्तर समघटकतेतच आहे. साखर, म्हणजे सुक्रोज, पाण्याशी फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. या दोघांचंही रेणुसूत्र एकच: सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. पण सुक्रोजचं विशिष्ट वलन, म्हणजे प्रकाशाचं प्रतल फिरवण्याचं माप (अधिक म्हणजे उजवीकडे, उणे म्हणजे डावीकडे), +६६.५ अंश, ग्लुकोजचं +५२.५ आणि फ्रुक्टोजचं −९२.४. दोघांची सरासरी काढा, उणे वीसच्या आसपास येते. उजवीकडे वळणारा प्रकाश डावीकडे वळायला लागतो, म्हणून याला साखरेचं ‘इन्व्हर्जन’ म्हणतात. गुऱ्हाळवाल्याला हे आकडे माहीत नसतात, पण शिळ्या उसाची ढेप कडक बसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हेच वलनाचे आकडे पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात जैवरेणूंच्या प्रकरणात आहेत, आणि ऊसपट्ट्यातली मुलंसुद्धा ते परीक्षेपुरते पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं.

आता चिंच. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा. युरोपात हे आम्ल द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या गाळातून मिळे. त्याच गाळाच्या कामात कधीकधी आणखी एक आम्ल सापडे, रेसेमिक आम्ल. संघटन तंतोतंत टार्टरिकचंच, पण हे प्रकाश फिरवत नसे. १८४४ मध्ये मिचरलिशने जाहीर केलं, की या दोन्ही आम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार सगळ्या बाबतीत सारखे आहेत, स्फटिकांसकट. फरक फक्त वलनाचा. पंचविशीतल्या लुई पाश्चरला हे पटेना. १८४८ मध्ये त्याने रेसेमिक क्षाराचे स्फटिक भिंगाखाली नीट पाहिले. काही स्फटिकांचे छोटे पैलू उजव्या अंगाला होते, काहींचे डाव्या. दोन प्रकार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा होते, म्हणजे अथणीच्या चपलेचा उजवा आणि डावा जोड: माप तेच, चामडं तेच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसणार नाही. पाश्चरने चिमट्याने एकेक स्फटिक वेचून दोन ढीग केले, वेगवेगळे विरघळवले आणि पाहिलं. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे फिरवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. म्हाताऱ्या बिओने आपल्या डोळ्यांसमोर प्रयोग पुन्हा करायला लावला, तेव्हा कुठे विश्वास ठेवला.

यात नशिबाचाही भाग होता. हा क्षार साधारण २७ अंश सेल्सिअसच्या खालीच असा दोन प्रकारांत वेगळा स्फटिकतो. त्यावर तापमान गेलं तर दोन्ही एकाच स्फटिकात मिसळून येतात आणि वेचायला काही उरत नाही. बेळगावच्या डिसेंबरात हा प्रयोग आरामात होईल. अथणीच्या एप्रिलात करून बघा.

पाश्चरला कळलं, की डावं-उजवंपण रेणूतच आहे. पण रेणूत कुठे, ते सांगायला रेणूची रचना माहीत हवी. ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आली. १८५८ मध्ये ऑगस्ट केकुले आणि आर्चिबाल्ड कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडलं, की कार्बनची संयुजा चार असते, म्हणजे तो चार बंध करतो, आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडून साखळ्या करतात. कूपरने अणूंमध्ये रेघा काढल्या, आपण आज वहीत काढतो तशाच. त्याचा निबंध मात्र त्याच्या वरिष्ठाकडे अडकून राहिला आणि श्रेय केकुलेला गेलं. १८६१ मध्ये बुतलेरोव्हने म्हटलं, की पदार्थाचे गुण ठरतात ते अणू कोणत्या क्रमाने जोडलेत त्यावर. लिबिग-व्होलरचं कोडं इथे सुटलं. चार कार्बनची सरळ साखळी म्हणजे ब्युटेन, तेच चार कार्बन फांदी फुटून जोडले तर आयसोब्युटेन. पहिला उणे अर्ध्या अंशाला उकळतो, दुसरा उणे बाराच्या जवळ. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये दोघंही असतात.

पण या रेघा कागदावरच्या. १८६५ मध्ये हॉफमनने लंडनच्या व्याख्यानात क्रोके या मैदानी खेळाच्या चेंडूंची मॉडेल्स दाखवली, कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल. रंग आजतागायत टिकले, मॉडेल्स मात्र सपाट होती. सपाट कागदावर टार्टरिक आम्लाचा घोळ सुटत नव्हता, आणि लॅक्टिक आम्लाचाही नाही. आंबलेल्या दुधातलं लॅक्टिक आम्ल प्रकाश फिरवत नव्हतं, स्नायूतलं फिरवत होतं, आणि अणूंची जोडणी दोन्हीकडे तीच. १८७३ मध्ये व्हिस्लिसेनसने लिहून टाकलं, की हा फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीचाच असणार.

पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, उत्तर दोन ठिकाणांहून आलं. सप्टेंबरात हॉलंडच्या बावीस वर्षांच्या याकोबस व्हान्ट हॉफने एक छोटी पुस्तिका छापली. दोन महिन्यांनी फ्रान्समधल्या जोसेफ ल बेलचा निबंध आला. व्हान्ट हॉफचा युक्तिवाद वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे. त्यात एकही उपकरण लागत नाही, फक्त मोजणी. मिथेनच्या चार हायड्रोजनांपैकी दोन काढून तिथे क्लोरीन बसवा. कार्बनचे चार बंध एका सपाट चौकोनात असतील, तर दोन क्लोरीन शेजारी-शेजारी बसतील किंवा समोरासमोर. म्हणजे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. कितीही शोधलं तरी मिळतो एकच. आता कार्बन मध्यभागी आणि चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार टोकांकडे आहेत असं समजा. कोणतीही दोन टोकं निवडा, ती शेजारचीच असतात. पदार्थ एकच. मग चार टोकांना चार वेगवेगळे गट लावा, तर दोनच मांडण्या शक्य होतात, आरशातल्या प्रतिमांसारख्या. पाश्चरचे दोन ढीग हेच. बंधांमधला कोन १०९.५ अंश भूमितीतूनच निघतो. समघटक मोजून आकार ओळखण्याची ही रीत मला आजही क्ष-किरणांपेक्षा जास्त थक्क करते.

व्हान्ट हॉफने दुहेरी बंधाचंही पाहिलं. दोन चतुष्फलकं एका कडेने जुळली तर फिरू शकत नाहीत, म्हणून दोन गट एका बाजूला किंवा विरुद्ध बाजूंना अडकून राहतात. अणूंची जोडणी तीच असूनही वेगळ्या असलेल्या मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांचा घोळ असा सुटला: पहिलं सुमारे १३५ अंशांना वितळतं, दुसरं २८७ ला.

लोकांनी लगेच मानलं असं नाही. लाइपझिगच्या हेर्मान कोल्बेने १८७७ मध्ये त्याची जाहीर टर उडवली. व्हान्ट हॉफ तेव्हा उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेत नोकरीला होता. कोल्बेने लिहिलं, की या गृहस्थाने तिथल्याच तबेल्यातून पंखांचा घोडा उसना घेतलेला दिसतो. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफलाच मिळालं, जरी ते दुसऱ्या कामासाठी होतं.

एमिल फिशरने हा विचार साखरांवर चालवला. ग्लुकोजच्या साखळीत चार असममित कार्बन, म्हणजे चार वेगवेगळे गट लागलेले, म्हणजे दोनचा चौथा घात, सोळा रूपं. १८९१ पर्यंत त्यातलं ग्लुकोज कोणतं हे त्याने रासायनिक क्रियांच्या साखळीतून ठरवलं. एक गोष्ट मात्र ठरवता येणं शक्य नव्हतं: संपूर्ण चित्र खरं, की त्याची आरशातली प्रतिमा. फिशरने सरळ एक बाजू निवडली. १९५१ मध्ये नेदरलँड्सच्या बायफूटने सोडियम-रुबिडियम टार्टरेटवर क्ष-किरणांनी प्रत्यक्ष रचना काढली. फिशरची निवड बरोबर निघाली. उलटी निघाली असती तर साठ वर्षांची पुस्तकं दुरुस्त करावी लागली असती.

निपाणीच्या तंबाखूची गाठही इथेच पडते. निकोटिन वेगळं काढलं गेलं हायडेलबर्गला, पोसेल्ट आणि राइमान यांच्याकडून, १८२८ मध्ये, म्हणजे व्होलरच्या युरियाच्याच वर्षी. रचना पिन्नरने १८९३ च्या सुमारास मांडली. पानातलं निकोटिन एकाच बाजूचं असतं, प्रकाश डावीकडे फिरवणारं. प्रयोगशाळेत तयार केलं की मात्र डावं-उजवं निम्मं-निम्मं येतं. १९०४ मध्ये पिक्ते आणि रोत्शी यांनी ते वेगळं केलं टार्टरिक आम्लाच्या मदतीने: एकाच बाजूचं आम्ल दोन्ही निकोटिनांशी जोडलं, की तयार होणारे क्षार आता एकमेकांच्या प्रतिमा उरत नाहीत, त्यांची विद्राव्यता वेगळी होते. चिंचेतलं आम्ल निपाणीच्या बाजारातल्या विषाची दोन रूपं वेगळी करतं. उजव्या निकोटिनचा परिणाम डाव्यापेक्षा कितीतरी सौम्य असतो.

एवढं सगळं झालं तरी वहीतली ती रेघ म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला. १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईसने म्हटलं, की रेघ म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूपुरतं ते पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) बसवून दाखवलं. १९३१ मध्ये लायनस पाउलिंगने संकरणाची कल्पना मांडली, आणि १९५७ मध्ये गिलेस्पी व नायहोल्म यांनी इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटतात, त्यावरून आकार ओळखण्याचा सोपा नियम नीट मांडला. पाण्याचा कोन १०४.५ आणि अमोनियाचा १०७ का, हे मुलं याच नियमाने लिहितात.

माझी तक्रार आहे ती पाउलिंगबद्दल नाही, त्याला शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. ‘मिथेन चतुष्फलकी का?’ या प्रश्नाला ‘एसपी-थ्री संकरणामुळे’ असं उत्तर लिहिलं की पूर्ण गुण मिळतात. पण पाउलिंग लिहायला बसला तेव्हा चतुष्फलक सत्तावन्न वर्षांचं झालं होतं. चार सारखे बंध चार टोकांकडे आहेत हे त्याला आधीच माहीत होतं. कार्बनच्या एका एस आणि तीन पी कक्षकांच्या (एसपी-थ्री हे नाव त्यावरूनच) गणितात ते कसं बसतं, एवढं त्याने दाखवलं. संकरण हे आकाराचं वर्णन आहे, आणि मिथेनचा आकार कळला होता तो दोन क्लोरीनवाला दुसरा पदार्थ कधीच सापडला नाही म्हणून.