राजस्थानच्या वाळवंटात बॅटरीसह सौर प्रकल्प: ग्रिड जोडणीच्या अर्जाची पात्रता, कागदपत्रे आणि टप्पे

फलोदी, जैसलमेर, बिकानेर या पट्ट्यात ऊन भरपूर आहे आणि मोकळी जमीनही आहे. टंचाई आहे ती उपकेंद्रातल्या बेची, म्हणजे प्रकल्पाची वाहिनी जोडायच्या जागेची. एकट्या भडला सौर पार्कची क्षमता 2,245 मेगावॅट आहे. भडला, फतेहगढ, रामगढ आणि बिकानेर इथल्या आंतरराज्य उपकेंद्रांपाशी अर्जदारांची रांग असते. म्हणून प्रकल्पाची सुरुवात पॅनेलच्या खरेदीने करू नका, कनेक्टिव्हिटीच्या, म्हणजे ग्रिड जोडणीच्या अर्जाने करा. त्या अर्जात जमीन, बे आणि बॅटरी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या हव्यात. पुढे अडणाऱ्या फायली बहुतेक इथेच चुकलेल्या असतात.

अर्ज कोण करू शकतो

आंतरराज्य पारेषण प्रणालीशी थेट जोडणी हवी असेल, तर केंद्रीय वीज नियामक आयोगाचे 2022 चे कनेक्टिव्हिटी आणि जीएनए (जनरल नेटवर्क अ‍ॅक्सेस, म्हणजे पारेषण जाळे वापरण्याचा हक्क) विनियम लागू होतात. सौर प्रकल्प असो, बॅटरीसह सौर असो की नुसती बॅटरी, क्षमता किमान 50 मेगावॅट लागते. त्याहून लहान प्रकल्पाने राज्याच्या पारेषण कंपनीकडे जावे. राजस्थानात प्रकल्पाची नोंदणी राजस्थान अक्षय ऊर्जा निगमाकडे होते आणि सरकारी जमीन हवी असेल तर शिफारसही तिथूनच जाते.

आंतरराज्य जोडणीचा अर्ज सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी या केंद्रीय पारेषण संस्थेकडे ऑनलाइन करायचा. शुल्क 5 लाख रुपये अधिक कर, आणि ते परत मिळत नाही. एका कॅलेंडर महिन्यात आलेले अर्ज एकत्र अभ्यासले जातात. त्रुटी निघाली की वेळ तुमचाच जातो, त्यामुळे अपुरा अर्ज घाईने टाकून रांगेत नंबर लावण्यात काही हशील नाही.

हक्क दाखवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग लेटर ऑफ अवॉर्ड (निविदा जिंकल्याचे पत्र) किंवा वीज खरेदी कराराचा. सेकी (केंद्र सरकारचे सौर ऊर्जा महामंडळ) सारख्या संस्थेची निविदा जिंकलेल्यांना हाच सोयीचा. दुसरा, लागणाऱ्या जमिनीपैकी किमान 50 टक्के जमिनीची मालकी, भाडेपट्टा किंवा वापरहक्काचे कागद. तिसरा, जमिनीऐवजी मेगावॅटमागे 10 लाख रुपयांची बँक हमी. म्हणजे 300 मेगावॅटला 30 कोटी. हमी दिली म्हणजे जमिनीतून सुटका झाली असे नाही. ठरलेल्या मुदतीत जमिनीचे कागद द्यावेच लागतात, नाहीतर हमी वटवली जाते आणि जोडणीही हातची जाते.

सोबत कंपनीचे नोंदणीपत्र, संचालक मंडळाचा ठराव, अर्ज करणाऱ्याचे अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रकल्पाच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि सौर व बॅटरीची वेगवेगळी क्षमता द्यायची. नाव सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. भाडेपट्टा मूळ कंपनीच्या नावावर आणि अर्ज प्रकल्पासाठी काढलेल्या नव्या कंपनीच्या नावावर, हा घोळ फार सापडतो.

जमिनीचे कागद

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांनी आधी भाषा समजून घ्यावी. आपला सातबारा तिथे जमाबंदी, गट नंबर म्हणजे खसरा, फेरफार म्हणजे नामांतरण, तलाठी म्हणजे पटवारी. जमाबंदी ‘अपना खाता’ या सरकारी पोर्टलवर पाहता येते, पण सही-शिक्क्याची प्रत आणि नकाशा घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

बिघा हे माप तर हमखास फसवते. 165 फुटी बिघा 27,225 चौरस फुटांचा आणि 132 फुटी बिघा 17,424 चौरस फुटांचा. 300 मेगावॅटला ढोबळ मानाने 600 हेक्टर धरले, तर पहिल्या मापाने सुमारे 2,370 बिघे होतात आणि दुसऱ्याने सुमारे 3,700. दलालाने बिघ्यात सांगितलेला आकडा कागदावरच्या हेक्टरशी ताडून पाहिला नाही, तर 50 टक्के म्हणून दाखवलेली जमीन प्रत्यक्षात 32 टक्क्यांच्या आसपास भरते.

खातेदार कोण आहे हेही पाहा. राजस्थान काश्तकारी अधिनियम 1955 च्या कलम 42 प्रमाणे अनुसूचित जातीच्या खातेदाराची जमीन त्या जातींबाहेरच्या व्यक्तीला विकता येत नाही. अनुसूचित जमातीच्या जमिनीलाही तसेच बंधन आहे. गोचर (गुरचरण) आणि तलावाखालच्या जमिनीवर कलम 16 मुळे खातेदारी हक्कच निर्माण होत नाही. ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, आपल्याकडच्या देवरायांसारखी. ती कागदावर कित्येकदा साधी पडीक जमीन म्हणून दिसतात. 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओरण ओळखून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश राजस्थान सरकारला दिले. खसऱ्यात खेजडीची जुनी झाडे, थान (देवाचे ठाणे) किंवा गुरांचे पाणवठे दिसले, तर गावात चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे केवळ कायद्याच्या भीतीपोटी करायचे नाही. त्या रानावर गावाची गुरे जगतात.

मग माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरच्या नान्नजचा हाच पक्षी. वीजवाहिन्यांना धडकून तो मरतो, म्हणून 2021 पासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश लागू आहेत. प्रकल्पाचे क्षेत्र तर तपासाच, पण वाहिनीचा पूर्ण मार्गही माळढोकासाठी ठरवलेल्या प्राधान्य क्षेत्राच्या नकाशावर टाकून पाहा. पुष्कळदा प्रकल्प बाहेर असतो आणि वाहिनी आत शिरते.

पर्यावरण मंजुरीची धास्ती मात्र नको. फोटोव्होल्टाइक प्रकल्प 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत येत नाहीत. वनजमीन लागत असेल तर वनमंजुरी अर्थातच वेगळी.

बॅटरी अर्जातच दाखवा

कनेक्टिव्हिटी म्हणजे ग्रिडमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती वीज सोडणार तो आकडा. 300 मेगावॅट सौर आणि 150 मेगावॅट बॅटरी असेल, तर 450 मागण्याची गरज नाही. बॅटरी दुपारी भरते आणि संध्याकाळी रिकामी होते, त्यामुळे 300 पुरतात. बॅटरी नंतरही जोडता येते, पण त्यासाठी पुन्हा परवानगी आणि तांत्रिक अभ्यास लागतो. ग्रिडवरून बॅटरी भरायची असेल तर वीज उचलण्याचा जीएनए स्वतंत्र घ्यावा लागतो. हे विसरले तर ढगाळ दिवशी बॅटरी रिकामीच राहते.

किती बॅटरी? फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने सौर निविदांसाठी क्षमतेच्या 10 टक्के आणि किमान दोन तास साठवणूक ठेवण्याची सूचना केली. 300 मेगावॅटला ती 30 मेगावॅट, 60 मेगावॅट-तास होते. चार तासांची 150 मेगावॅट मागितली असेल तर 600 मेगावॅट-तास. पाच मेगावॅट-तासांच्या 20 फुटी कंटेनरने भागले की 120 येतात, पण 120 मागवले तर कमी पडतात. मोजणी उपकेंद्राच्या मीटरवर होते. वाटेत इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि वाहिनीची गळती, शिवाय बॅटरीची दरवर्षीची झीज. 45 अंशांपुढच्या उन्हात थंडाव्याची यंत्रणाही वीज खाते. हे सगळे धरून जास्तीचे कंटेनर आणि पुढे भर घालायला मोकळी जागा सुरुवातीच्या आराखड्यातच ठेवा.

तत्त्वतः मंजुरीनंतर

तत्त्वतः मंजुरी मिळाली की एका महिन्यात बँक हम्या द्यायच्या. पहिली 50 लाखांची. दुसरी बे आणि लागणाऱ्या वाढीव यंत्रणेची, व्होल्टेजनुसार. जिथे उपलब्ध क्षमतेतून जागा मिळते तिथे मेगावॅटमागे 2 लाखांची, म्हणजे 300 मेगावॅटला 6 कोटी. मसुदा नमुन्याबरहुकूम हवा आणि बँकेकडून एसएफएमएस (बँकांमधली सुरक्षित संदेश यंत्रणा) संदेशही गेला पाहिजे; नुसता कागद पाठवून मुदत चुकवणारे अर्जदार आहेत. हम्यांनंतर अंतिम मंजुरी आणि करार.

पहिले चार्जिंग (प्रकल्प ग्रिडच्या विजेने प्रथम चालू करणे) आणि चाचणी

इथे उशीर होतो तो सॉफ्टवेअर मॉडेलमुळे. ग्रिड चालवणाऱ्या प्रादेशिक भार प्रेषण केंद्राला पीएसएस/ई आणि पीएससॅड या सॉफ्टवेअरमधली प्रकल्पाची संगणकीय मॉडेल लागतात. व्होल्टेज क्षणभर कोसळले किंवा उसळले तरी प्रकल्प ग्रिडला धरून राहतो, हे त्यातून दाखवायचे असते. इन्व्हर्टरची ऑर्डर देतानाच प्रमाणित मॉडेल आणि चाचणी अहवालाची अट करारात घाला. नंतर मागितले तर कंपनी महिने लावते. विद्युत निरीक्षकाची मंजुरी, मीटर आणि दूरसंचार सिग्नल हेही तयार हवेत.

2023 च्या ग्रिड कोडप्रमाणे चाचणीची नोटीस सात दिवस आधी द्यायची. सौर इन्व्हर्टरची चाचणी एकाच दिवसात सूर्योदय ते सूर्यास्त चालते, बॅटरीची भरणे-सोडण्याचे एक पूर्ण चक्र. चाचणीआधी पॅनेल पुसून घ्या आणि आंधीचा अंदाज पाहून तारीख ठरवा. मे-जूनमध्ये धूळ चढली तर उत्पादन घसरते आणि दुपार संपेपर्यंत बॅटरी पूर्ण भरत नाही.