नोंदवही ते आभा क्रमांक: सरकारी आरोग्यसेवेतील माहितीव्यवस्थेची पार्श्वभूमी

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर लागू झाले. प्रत्येक नागरिकाला ‘आभा’ हा 14 अंकी क्रमांक मिळेल, त्याचे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या त्या क्रमांकाला जोडल्या जातील आणि त्याच्या संमतीने त्या कुठल्याही डॉक्टरला पाहता येतील, असे आश्वासन त्यामागे होते. ते ऐकायला साधे असले तरी आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील पाऊणशे वर्षांच्या रिवाजाला ते छेद देणारे आहे. या व्यवस्थेत माहिती गोळा होत आली ती वरच्या कार्यालयाला कळवण्यासाठी. ज्याच्याबद्दलची ती माहिती, त्या रुग्णाच्या किंवा ती लिहिणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हाती ती उपयोगाच्या रूपात क्वचितच परत आली. संगणक आल्यावर कागदाची जागा पडद्याने घेतली, पण माहितीच्या प्रवाहाची दिशा बराच काळ तीच राहिली.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समिती ऑक्टोबर 1943 मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल 1946 मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या अहवालामुळे रुजली, हे सर्वांना ठाऊक आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी किती अविश्वसनीय आहेत आणि त्या सुधारल्याशिवाय आरोग्याचे नियोजन कसे अशक्य आहे, याचीही चर्चा त्यात आहे, पण तिची आठवण फारशी काढली जात नाही. स्वातंत्र्यानंतर 1952 पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. देशभरासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा एकसारखा कायदा व्हायला मात्र 1969 साल उजाडले.

कायद्याची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते, म्हणून जनगणना आणि जन्म-मृत्यू नोंदणी पाहणाऱ्या केंद्राच्या महानिबंधक कार्यालयाने नमुना नोंदणीची पद्धत आणली. 1964-65 मध्ये तिची चाचणी झाली आणि 1969-70 पासून ती देशभर सुरू झाली. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघर स्वतंत्र पाहणी करतो, मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जिथे मेळ बसत नाही तिथे पुन्हा घरी जाऊन खातरजमा केली जाते. देशाचे बालमृत्यूदर, जन्मदर आजही याच पद्धतीतून येतात. जो काम करतो त्यानेच आपल्या कामाची मोजणी करायची नाही, हे तत्त्व येथे कटाक्षाने पाळले गेले. आरोग्यखात्याच्या नेहमीच्या अहवालांत नेमके तेच सुटले.

हिवताप निर्मूलन कार्यक्रम हा या बाबतीतला एक सन्माननीय अपवाद म्हणावा लागेल. 1958 नंतर पाळत ठेवणारे कर्मचारी ठरलेल्या फेरीने, साधारणपणे पंधरा दिवसांनी, प्रत्येक घरी जाऊन तापाच्या रुग्णाचे रक्त काचपट्टीवर घेत, आणि घराच्या भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत भेटीची तारीख टाकत. ती तारीख घरच्यांना दिसे, वरच्या अधिकाऱ्यालाही दिसे, आणि पट्टीत हिवतापाचे जंतू सापडले तर औषध घेऊन माणूस पुन्हा त्याच दारात येई. 1965 च्या सुमारास देशातील हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. 1976 मध्ये तो आकडा 64 लाखांवर गेला. त्याला डासांची कीटकनाशकांना दाद न देण्याची वृत्ती, निधीची ओढाताण अशी अनेक कारणे होती, आणि प्रयोगशाळांत तपासणीविना साचून राहिलेल्या काचपट्ट्या हेही त्यांतले एक होते.

कुटुंबनियोजन कार्यक्रमाने मात्र नोंदीचा स्वभावच बदलला. 1966 पासून पद्धतीनिहाय उद्दिष्टे ठरू लागली: अमुक इतक्या नसबंदी, तमुक इतक्या तांबी. दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून आरोग्य केंद्राला आणि तिथून आरोग्यसेविकेला उद्दिष्ट वाटले जाई, आणि तिच्या कामाची किंमत ‘केसेस किती आणल्या’ यावर ठरे. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांपासून महसूल कर्मचाऱ्यांपर्यंत अनेकांना त्यासाठी जुंपले गेले होते. त्या काळाची राजकीय किंमत मोजली गेली, परंतु उद्दिष्टांची पद्धत पुढे आणखी दोन दशके टिकली आणि कैरोच्या 1994 च्या लोकसंख्या परिषदेनंतर, एप्रिल 1996 मध्ये ती देशभर अधिकृतपणे मागे घेण्यात आली. ज्या आकड्यावर शाबासकी किंवा कारणे दाखवा नोटीस अवलंबून असते, तो आकडा लिहिणाऱ्याच्या हातून सहजासहजी खरा उतरत नाही. हा वारसा परिपत्रकाने पुसला जाणारा नव्हता.

तो कसा टिकला हे उपकेंद्राच्या पातळीवर स्पष्ट दिसते. साधारण 5,000 लोकसंख्येच्या उपकेंद्राला वर्षाच्या सुरुवातीला अपेक्षित गर्भवतींची संख्या हिशेब करून दिली जाते. जन्मदर हजारी 20 धरला तर 100 जन्म, आणि गर्भपात व मृतजन्म यांसाठी त्यावर 10 टक्के, म्हणजे 110 गर्भवती. पुढे वर्षभर नोंदणी, लसीकरण, दवाखान्यातील बाळंतपणे या सर्वांची टक्केवारी या 110 च्या आधाराने निघते. प्रत्यक्षात त्या गावांतले जोडपे पुण्याला कामाला गेलेले असते, किंवा बीड जिल्ह्यातील उपकेंद्र असेल तर दिवाळीच्या आगेमागे अर्धी वस्ती ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात उतरलेली असते. अशा ठिकाणी 70 टक्के काम झाले की आरोग्यसेविकेला मासिक सभेत उभे केले जाते, आणि जिथे स्थलांतरित येऊन राहिले तिथे लसीकरण 100 टक्क्यांच्या वर जाते. 100 च्या वरचा आकडा पाहून प्रश्न विचारणारा अधिकारी विरळाच.

मृत्यूच्या बाबतीत कमी नोंदीचा धोका अधिक गंभीर होता. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामाचा पाया गावातल्या प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची बिनचूक नोंद हाच होता. त्यानंतर महाराष्ट्रात काही संस्थांनी मिळून घरोघर मोजणी केली, तेव्हा बालमृत्यूंची संख्या सरकारी कागदांवरील संख्येपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दिसले. राज्य शासनाने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि कमी नोंदीचा मुद्दा तिनेही मान्य केला. मृत्यू लपवण्याचा कुणी कट केला होता असे नाही. मृत्यू नोंदवणाऱ्यालाच जाब विचारला जात असल्याने तो न लिहिणे सर्वांच्या सोयीचे होते. म्हणूनच मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 1992-93 पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या इतक्या महत्त्वाच्या ठरल्या. खात्याचे आकडे आणि पाहणीचे आकडे यांतील अंतर हा आरोग्य प्रशासनातील एक कायमचा अवघड विषय बनून राहिला.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल 2005 मध्ये सुरू झाले आणि निधीबरोबर हिशेबाचीही मागणी वाढली. ऑक्टोबर 2008 मध्ये ‘एचएमआयएस’ (आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली) हे संकेतस्थळ आले. मासिक अहवालाचा तोच तक्ता आता ऑनलाइन भरायचा होता. सुरुवातीला जिल्ह्याची एकत्रित बेरीज चढवली जाई. 2011 पासून प्रत्येक आरोग्य संस्थेची माहिती स्वतंत्रपणे येऊ लागली, आणि कोणत्या केंद्रात बाळंतपणे खरोखर होतात हे पहिल्यांदाच दिल्लीतून दिसू लागले. ही मोठी सुधारणा होती, पण त्यात व्यक्ती नव्हती, फक्त संख्या होत्या.

व्यक्तीपर्यंत जाण्याचा प्रयत्न डिसेंबर 2009 मध्ये माता व बालक मागोवा प्रणालीने केला. प्रत्येक गर्भवतीची नावानिशी नोंद करायची, तिची तपासणी कधी आहे, बाळाची कोणती लस राहिली आहे, याची यादी आरोग्यसेविकेला मिळायची, अशी ती कल्पना. मराठी घरातल्या एका साध्या रिवाजावर ती वारंवार अडखळली. सुनेची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते आणि पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर ती माहेरी गेली की सासरच्या यादीत तिच्या पुढच्या तपासण्या ‘प्रलंबित’ दिसू लागतात. माहेरची सिस्टर तिची नव्याने नोंद करते, कारण जुना क्रमांक लिहिलेले माता-बाल संरक्षण कार्ड सासरीच राहिलेले असते. आणि बाळ तीन महिन्यांनी परतते तेव्हा त्याच्या पहिल्या लसी तिसऱ्याच नोंदवहीत असतात. कागदावर एकाच बाईच्या दोन गर्भवती होतात, आणि त्यांतली एक कधीच बाळंत होत नाही. पुढे आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलमध्ये या दुबार नोंदी शोधण्याची सोय झाली, पण मूळ अडचण तंत्राची नव्हतीच. आरोग्यसेविकेने वहीत लिहिलेले चार दिवसांनी तालुक्याच्या डेटा एंट्री ऑपरेटरकडे जाई, आणि तिच्या उपयोगाची यादी तिच्यापर्यंत पोहोचेतो ती तारीख उलटून गेलेली असे.

रोगांच्या पाळतीची कहाणी समांतर चालली. 1994 च्या सुरतच्या प्लेगने साथ नेमकी कशाची आहे हे ठरवायलाच किती गोंधळ होतो ते जगासमोर आणले. त्यातून आधी एक राष्ट्रीय पाळत कार्यक्रम आणि नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. आरोग्यसेविकेने लक्षणे लिहायची ती ‘एस’ नमुन्यात, डॉक्टरने संशयित निदान लिहायचे ते ‘पी’ नमुन्यात आणि प्रयोगशाळेने खात्री द्यायची ती ‘एल’ नमुन्यात, असे तीन कागद दर आठवड्याला वर जात. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. तरी ती मुख्यतः सरकारी दवाखान्यांवर उभी होती, आणि लोक आजारपणात जातात कुठे? 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार साध्या आजारांपैकी केवळ 30 टक्क्यांच्या आसपास उपचार सरकारी दवाखान्यांत झाले. उरलेल्यांची नोंद खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर, म्हणजे राज्याच्या दृष्टीने कुठेच नव्हती. क्षयरोगाबाबत हे बदलायचे म्हणून मे 2012 मध्ये प्रत्येक रुग्णाची माहिती कळवणे बंधनकारक झाले आणि त्याच सुमारास ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद सुरू झाली. एप्रिल 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये थेट रुग्णाच्या खात्यात जाऊ लागले, आणि आपली नोंद बरोबर असण्यात रुग्णाचाही स्वार्थ निर्माण झाला. कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा याचा नोंदींच्या शुद्धतेवर अधिक परिणाम झाला असावा, असे माझे मत आहे.

मात्र प्रत्येक कार्यक्रमाने आपले वेगळे पोर्टल उभे केले. क्षयरोगाचे वेगळे, गर्भवतींचे वेगळे, मधुमेह-रक्तदाबाचे वेगळे, लसींच्या साठ्याचे वेगळे, कोविडमध्ये ‘कोविन’ आणि आता नियमित लसीकरणासाठी ‘यू-विन’. एकाच बाईचे नाव, वय आणि मोबाइल क्रमांक चार ठिकाणी चारदा टंकावा लागतो. महाराष्ट्रातील आशा सेविकांच्या 2023 मधील संपात मानधनाबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती नको ही मागणी होती, ती या ओझ्यातून आली. फॉर्म पुढे सरकण्यासाठी रकाना भरावाच लागतो, तेव्हा काय होते याचा नमुना नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 मधील अहवालात सापडतो: प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले. पडताळणी मोबाइलवर अवलंबून नव्हती, असा खुलासा झाला, आणि तो खराही असेल. मग रकाना सक्तीचा का होता, हा प्रश्न उरतोच.

रुग्णालयांत एकमेकांशी बोलू शकतील अशा नोंदी हव्यात, हा विचार इकडे उशिरा आला. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके केंद्राने 2013 मध्ये जाहीर केली आणि 2016 मध्ये सुधारली. त्यांच्या अंमलबजावणीसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आहे. 2019 च्या राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखड्याने सगळी माहिती एका मध्यवर्ती भांडारात न ठेवता ती जिथे तयार झाली त्या रुग्णालयातच राहील आणि रुग्णाच्या संमतीने एकीकडून दुसरीकडे जाईल, ही रचना स्वीकारली. 15 ऑगस्ट 2020 रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत तिची सुरुवात झाली. रुग्णाला माहितीचा मालक मानणारी ही पहिली सरकारी रचना आहे.

तरीही जुनी सवय नव्या क्रमांकात शिरली. कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या अनेकांचे आरोग्य-ओळख क्रमांक त्यांना न विचारताच तयार झाल्याच्या तक्रारी 2021 मध्ये झाल्या. पुढे ‘आभा किती काढले’ हे जिल्ह्यांच्या आढाव्यातले नवे उद्दिष्ट झाले आणि एकूण संख्या 70 कोटींच्या पुढे गेली. बाह्यरुग्ण विभागात क्यूआर कोड स्कॅन करून रांग टाळता येते, हा त्याचा आज सर्वाधिक दिसणारा उपयोग. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्स या केंद्र सरकारी रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज सुमारे दोन आठवडे कागदावर चालले, तेव्हा आरोग्यविषयक माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. त्यासाठीचा 2018 चा मसुदा बाजूला पडला होता. सर्वसाधारण विदा (व्यक्तिगत डिजिटल माहिती) संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. संमतीची सारी यंत्रणा मात्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर चालते, आणि 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील 54 टक्के स्त्रियांकडे आहे, ग्रामीण भागात तर 47 टक्क्यांकडेच. बाकीच्यांच्या आभाला नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर गावातल्या आशाचा क्रमांक जोडलेला असतो, आणि संमतीचा संदेश त्याच फोनवर जातो.