पाण्याने टाकलेलं ओझं

सोनं साध्या आम्लालाही दाद देत नाही. मग गारगोटीच्या पांढऱ्या शिरेत ते पाण्यातून येऊन बसलं, यावर विश्वास कसा ठेवायचा?

आधी हिशेब पाहू. पृथ्वीच्या कवचात सोनं टनामागे सरासरी काही मिलिग्रॅमच असतं. खाण चालायची तर टनाला साधारण ग्रॅमभर तरी हवं. म्हणजे कुणीतरी ते शेकडो पटीने एकवटायला हवं. ते काम खोल खडकांतलं पाणी करतं. त्याचं तापमान बहुधा दोनशे ते चारशे अंश सेल्सिअस असतं, पण वरच्या खडकांच्या दाबाखाली ते उकळू शकत नाही. त्या पाण्यात विरघळलेलं गंधक बायसल्फाइडच्या (हायड्रोजन जोडलेल्या गंधकाच्या आयनाच्या) रूपात सोन्याच्या आयनाला धरून ठेवतं. तांबं, शिसं, जस्त यांना बहुतेक वेळा मिठातलं क्लोराइड वाहून नेतं.

मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. हे ओझं वाटेत थोडंथोडं सांडलं असतं, तर खाण झालीच नसती. ते नेमकं एका जागी उतरायला हवं. खडकातला भ्रंश, म्हणजे खडक सरकून पडलेली भेग, सिलिकाने (गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्याने) बुजलेला असतो आणि त्याच्याखाली पाण्याचा दाब वाढत जातो. एखाद्या भूकंपात भ्रंश फाटतो आणि दाब एकदम कोसळतो. पाणी उकळतं, हायड्रोजन सल्फाइड वायू निसटतो आणि सोन्याला धरून ठेवणारं गंधक कमी पडतं. दाब उतरला की सिलिकाही पाण्यात टिकत नाही, चिरेच्या भिंतींवर तिचे क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, थर चढतात. चीर बुजते, दाब पुन्हा साठतो, पुन्हा फाटते. काही शिरांमधले पट्टे म्हणजे याच फेऱ्यांच्या खुणा.

कधी उकळावंही लागत नाही. शेजारच्या खडकातलं लोह पाण्यातलं गंधक ओढून घेतं, त्याचं पायराइट बनतं आणि सोनं निराधार होतं. सोन्यासारखं चकाकून फसवणारं पायराइट खऱ्या सोन्याच्या सोबतीला वारंवार सापडतं, ते यामुळे.

धातू टाकणारं असं पाणी 1979 मध्ये पूर्व प्रशांत महासागराच्या तळाशी प्रत्यक्ष दिसलं. साडेतीनशे अंशांच्या आसपासचं पाणी थंड समुद्रात शिरताच धातूंच्या सल्फाइडांचा काळा धूर होत होता.

जुन्या शिरांचं तापमान मात्र क्वार्ट्झलाच विचारावं लागतं. स्फटिक वाढताना त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि निवताना आकसून प्रत्येकात एक बुडबुडा उरतो. इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी 1858 मध्ये सुचवलं, की स्फटिक तापवत न्यावा. बुडबुडा नाहीसा होतो ते तापमान टिपावं. पाणी कोंडलं गेलं तेव्हा निदान तितकं तरी तापलेलं होतं. गारगोटीला दुधी रंग येतो, तोही बहुतेकदा अशाच असंख्य थेंबांमुळे.