कॅसेटमधलं लग्न डीव्हीडीत आलं, तेव्हा काय गळालं?

सांगली-मिरजेकडं जुनं लग्न पेनड्राइव्हवर करून घ्यायला लोक स्टुडिओत येतात, ते बहुतेक डीव्हीडी घेऊन. मूळ कॅसेट कुठं गेली, हे घरात कुणाला आठवत नाही. खरा ऐवज मात्र त्या कॅसेटमध्येच होता.

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच अंगात बसवलेला सोनीचा बीटामूव्ही १९८३ सालचा. आपल्याकडच्या लग्नांत दिसला तो खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा. मिक्सिंग म्हणजे एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवणं. दर उतरवणीला रंग फिसकटायचे. मामाच्या घरी गेलेली कॉपी सगळ्यात फिकी.

१९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओची टेप आली आणि हे दुखणं संपलं. चित्र टेपवरच आकड्यांत साठवलेलं. फायरवायर या कॅमेरा-कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबलनं ते जसंच्या तसं कॉम्प्युटरात येई. पण तासाची टेप उतरवायला तासच लागे आणि तिला सुमारे १३ जीबी जागा. फॅट ३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या हार्डडिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नसे, म्हणजे जेमतेम १९ मिनिटं. त्यात भारनियमन. यूपीएस नसेल तर अक्षता पडता पडता वीज जायची आणि टेप मागं घेऊन पुन्हा कॅप्चर, म्हणजे कॉम्प्युटरात उतरवणं.

प्रोशोसारखी सॉफ्टवेअरं मुळात फोटोंना गाणं लावून स्लाइडशो करण्यासाठीची. त्यांत व्हिडिओची क्लिपही टाकता येई, डिस्कही बर्न होई. कॅप्चर मात्र आधी दुसरीकडं करून घ्यावं लागे. घरच्या हँडीकॅमवाल्यांची खरी फसगत इथं झाली. विंडोज एक्सपीवरचा मूव्ही मेकर कॅप्चर करताना आपणहून डब्ल्यूएमव्ही ही दाबून लहान केलेली फाइल सुचवायचा. खालचा डीव्ही-एव्हीआयचा, म्हणजे टेपवरचं चित्र जसंच्या तसं ठेवणारा पर्याय फार कमी जण निवडत. चित्र तिथं एकदा दाबलं गेलं, डीव्हीडीच्या एमपेग-२ या फॉरमॅटमध्ये पुन्हा.

दुसरी गोम फील्डची. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये अर्ध्या ओळी आधी, अर्ध्या नंतर; अशा प्रत्येक अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात, आणि त्यात खालचं फील्ड पहिलं. डिस्क बनवताना हा क्रम उलटा लागला, की स्थिर फोटो झकास दिसत, पण वरातीतली घोडी टीव्हीवर थरथरायची. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, सेटिंगचा होता. तरी बोलणी खायचा शूटिंगवाला.

नीट केलेल्या डिस्कमध्येही डीव्हीचं सेकंदाला २५ मेगाबिटचं चित्र पाच-सहावर आणलेलं असतं. ४.७ जीबीत दीड-दोन तास बसवायचे तर दुसरा इलाज नव्हता. म्हणून डीव्हीडी झाली की कॅसेट टाकून देणं मनाला फार लागतं. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या किती घरांतली कपाटं भिजवली; उरलेल्या कॅसेटी तरी जपायला हव्यात.

जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, प्रोशोची फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाली. मिनीडीव्ही, म्हणजे डीव्हीची छोटी कॅसेट सापडली, तर चालता कॅमेरा आणि फायरवायर कार्ड असलेला स्टुडिओ गाठा आणि डीव्ही-एव्हीआयच मागा. भिजलेली टेप मशीनमध्ये घालू नका. तेव्हा हार्डडिस्क खाऊन टाकणारे ते १३ जीबी आता ६४ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हवर चार वेळा मावतात.