येत होतं, पण आठवलं नाही

निकाल लागला की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास फिरतं. "म्हणतो कसा, सगळं येत होतं सर, आयत्या वेळी आठवलंच नाही!" हशा पिकतो आणि निवाडाही तिथेच होतो: पाठच नव्हतं, आता सबबी सांगतोय. सबबी सांगणारे असतातच. पण हे वाक्य शब्दशः खरं असू शकतं आणि त्याची शहानिशा प्रयोगशाळेत मिनिटं मोजून झालेली आहे. घरातलं कुणी नुकतंच गेलंय, अपघातातून जेमतेम जीव वाचलाय, महिनोन्‌महिने कुणाची तरी मारहाण सोसलीय, अशी मुलं कॉलेजच्या भरल्या वर्गात असणारच. शिकवणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. निवाडा करण्याआधी हा प्रयोग माहीत असलेला बरा.

१९९८ साली डॉमिनिक द केर्वँ, बेनो रोझेंडाल आणि जेम्स मॅकगॉ यांनी 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध केला. उंदरांना हौदात पोहून पाण्याखाली दडलेला चौथरा शोधायला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षेआधी काही उंदरांच्या पायांना विजेचा झटका दिला. खरी गंमत वेळेत आहे. झटका दोन मिनिटं आधी बसलेले उंदीर नीट आठवून पोहले. चार तास आधी बसलेलेही नीट पोहले. अर्धा तास आधी बसलेले मात्र चुकले. निव्वळ घाबरून गोंधळ उडत असता, तर दोन मिनिटंवाल्यांचा सगळ्यात जास्त उडायला हवा होता. आणि कालचं शिक्षण पुसलं गेलं असतं, तर चार तासांनंतर ते परत आलं कुठून? म्हणजे आठवण जागेवरच होती, ती बाहेर काढण्याचं काम तेवढ्यापुरतं अडलं होतं. ताणाचं हार्मोन तयारच होऊ नये असं औषध आधी दिल्यावर झटका बसूनही उंदीर विसरले नाहीत. उलट झटका न देता नुसतं ते हार्मोन टोचलं, तर विसरले. दोन वर्षांनी माणसांवरही तेच दिसलं. आदल्या दिवशी शब्दांची यादी शिकलेल्यांना परीक्षेच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी (शरीरात तिचं कॉर्टिसोल, म्हणजे माणसातलं ताणाचं हार्मोन, होतं) दिली, तर शब्द कमी आठवले. तीच गोळी शिकण्याआधी किंवा शिकल्यावर लगेच दिली, तर काही फरक पडला नाही.

ताण आला की शरीरात दोन गोष्टी घडतात. पहिली काही सेकंदांत: ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. दुसरी सावकाश: मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी रक्तावाटे मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथींना कळवते आणि त्या कॉर्टिसोल सोडतात. एवढं सगळं होऊन कॉर्टिसोल शिगेला पोहोचेपर्यंत वीस-तीस मिनिटं जातात. उंदरांचा अर्धा तास तो हाच.

पुढचा भाग जरा किचकट आहे, पण माझा सगळ्यात आवडता. आठवणी नोंदवणाऱ्या आणि परत काढणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसोल पकडणारे ग्राही (रिसेप्टर) दोन प्रकारचे असतात. मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहींची कॉर्टिसोलशी असलेली ओढ दुसऱ्यांच्या सुमारे दहापट, त्यामुळे माणूस शांत असतानाही ते बहुतांशी भरलेले असतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही कॉर्टिसोल चढलं तरच भरायला लागतात. म्हणजे कॉर्टिसोल आहे की नाही, एवढंच हिप्पोकॅम्पसला कळतं असं नाही, किती आहे तेही कळतं. हे दुसरे ग्राही भरले की समोर चाललेला प्रसंग पक्का नोंदवण्याकडे यंत्रणेचा कल झुकतो आणि जुनं बाहेर काढणं मागे पडतं. पण त्यालाही एक अट आहे. शेजारच्या, भीतीसारख्या भावना हाताळणाऱ्या अमिग्डालामध्ये, विशेषतः तिच्या बेसोलॅटरल भागात, त्याच वेळी नॉरॲड्रेनलिनने त्याला पकडणाऱ्या बीटा-ग्राहींमार्फत खळबळ उडवलेली असावी लागते. बीटा-ग्राही अडवणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर कॉर्टिसोल चढूनही आठवण अडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

म्हणूनच भर वर्गात पाणउतारा झालेल्या मुलीला तो तास वर्षानुवर्षं आठवतो, सरांच्या शर्टाच्या रंगासकट. फळ्यावर कोणतं समीकरण होतं, ते मात्र आठवत नाही. 'धाक असला की डोक्यात बसतं' म्हणणाऱ्यांनी डोक्यात नेमकं काय बसतं, तेही बघावं.

आता शिक्षकाच्या कामाची गोष्ट. २००६ साली साब्रिना कुल्मान आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी काही स्त्रियांना कॉर्टिसोलची गोळी देऊन आधी शिकलेलं विचारलं, पण परीक्षेचं वातावरण मुद्दाम सैल, दडपण नसलेलं ठेवलं. गोळीचा परिणाम दिसलाच नाही! एका प्रयोगावर इमले बांधू नयेत, पण प्रोप्रॅनोलॉलच्या निष्कर्षांशी हे चपखल जुळतं. विद्यार्थ्याच्या घरी काय घडलं ते शिक्षकाच्या हातात नाही, त्यामुळे चढलेलं कॉर्टिसोलही नाही. परीक्षेच्या खोलीतली खळबळ मात्र बरीचशी त्याच्याच हातात असते.

(कॉर्टिसोलचं नाव निघालंच आहे म्हणून: 'कॉर्टिसोल घटवणारी' चूर्णं आणि थेंब विकणाऱ्यांनी या हार्मोनला खलनायक करून टाकलंय. रोज सकाळी जाग आल्यावर पाऊण तासाच्या आत ते आपलं आपण वाढतं, आणि ते बनेनासं झालं तर ॲडिसनचा आजार होऊन जिवावर बेततं. शिवाय मोठ्या आघातानंतर पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) झालेल्यांमध्ये ते वाढलेलंच सापडतं असंही नाही, अनेक अभ्यासांत कमी सापडलंय. त्या थेंबांची किंमत मंतरलेल्या पेनाइतकीच.)

परीक्षेच्या खोलीतली ही खळबळ उडते कशाने, हेही नीट तपासलेलं आहे. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली प्रयोगशाळेत ताण आणण्याची एक कृती ठरवली गेली आणि ती आजही जगभर वापरली जाते. थोडी तयारी करू द्यायची, मग परीक्षकांपुढे उभं करून पाच मिनिटं बोलायला लावायचं. परीक्षकांनी चेहरा कोरा ठेवायचा, मान डोलवायची नाही. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणाऱ्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. कॉर्टिसोल सर्वांत जास्त चढवणाऱ्या गोष्टी दोन निघाल्या: लोक आपल्याला जोखताहेत ही जाणीव, आणि आपण काहीही केलं तरी फरक पडणार नाही ही जाणीव. काम नुसतं अवघड असलं, तर ते तितकं चढत नाही.

तेव्हा अभ्यासक्रम सोपा करण्याची गरज नाही. व्हायवाचा पहिला प्रश्न विद्यार्थ्याला निवडू द्यावा. मार्क कशाला किती, हे आधी लेखी सांगावं आणि मग बदलू नये. मार्क वर्गात मोठ्याने वाचू नयेत. सबमिशनची तारीख पुढे ढकलून हवी असेल तर काय करायचं, हा नियम सगळ्यांसाठी आधीच जाहीर असावा, म्हणजे कुणाला दारात उभं राहून आपलं दुःख सिद्ध करावं लागणार नाही. आणि 'बोलून टाक, मन मोकळं होईल' हा आग्रह तर नकोच. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावल्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही, असं चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो, काहींना तर त्याचा त्रासच होतो. ऐकावं जरूर, पण खोदून विचारू नये. उपचार हे समुपदेशकाचं काम.

सद्हेतूने केलेलं सगळंच लागू पडतं असंही नाही. धड्याआधी 'यात त्रासदायक भाग आहे' अशी सूचना दिल्याने तो भाग वाचतानाचा त्रास कमी होत नाही, वाचण्याआधीची धाकधूक तेवढी वाढते, असा निष्कर्ष २०२३ च्या आढाव्यात निघाला. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली की मार्क वाढतात, हा २०११ चा गाजलेला प्रयोग २०१८ साली पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसं काही दिसलं नाही.

टिकून राहील असा एक उपाय मात्र मला वाटतो. २०१६ साली 'सायन्स'मध्ये एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १२० जणांवरचा प्रयोग मांडला. निम्म्यांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, निम्म्यांनी न बघता आठवून पाठ केली. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांपुढे भाषण आणि गणितं करायला लावली. बघून पाठ करणाऱ्यांची आठवण ताणाखाली ढासळली. आठवून पाठ करणाऱ्यांची पंचवीस मिनिटांनंतरही, म्हणजे कॉर्टिसोल चढलेलं असतानाही, ढळली नाही. वर्गात तेच असं करता येईल: तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे तीन प्रश्न, वही मिटून, पाच मिनिटं. त्याचे मार्क धरायचे नाहीत आणि उत्तरं ज्याची त्यानेच तपासायची.